डुकराच्या डोक्याचा राजा

बालीची सहल करून आलेल्या एका स्नेह्याने परवा फॉरवर्ड पाठवला: 'इंद्राने उघडलेला झरा, आजही वाहता!' त्याखाली एकाचे उत्तर, 'पुराणातली वांगी पुराणात.' मला दोघेही घाईत दिसले. दंतकथा ही बातमी नसते, पण ती कोणाच्या सोयीची होती याच्या खुणा तिच्यातच राहून जातात.

बालीतल्या उबुडजवळ बेदुलू नावाचे गाव आहे. तिथला राजा म्हणे ध्यानाला बसला की आपले डोके उतरवून घेई आणि सेवक ते परत बसवी. एकदा डोके ओढ्यात वाहून गेले. घाबरलेल्या सेवकाने हाताला लागलेले डुकराचे मुंडके बसवले. तेव्हापासून राजा उंच मनोऱ्यात राहू लागला आणि वर बघायची सगळ्यांना बंदी झाली. मग जावातल्या मजपहित साम्राज्याचा प्रधान गजह मद पाहुणा म्हणून आला. त्याने जेवताना लांबलचक पाल्याची भाजी आणि लांब तोटीची झारी मागितली. आपण तांब्याने वरून पाणी पितो तशी मान मागे टाकली आणि राजाचे तोंड बघून घेतले!

आता तारखा. मजपहितने बाली जिंकले शके 1265 मध्ये, म्हणजे इसवी सन 1343. (होय, शक तोच, आपल्या पंचांगातला.) पुढे 1365 मध्ये दरबारी कवी प्रपंच 'नागरकृतागम' या काव्यात हरलेल्या राजाला दुराचारी आणि नीच म्हणतो. त्याच काव्यात बालीतले प्रमुख ठिकाण म्हणून 'बदहुलु' हे नाव येते, म्हणजे आपले बेदुलू. इथे खरी गंमत आहे. 'हुलु' म्हणजे डोके, आणि नदीचा उगमाकडचा भागही. पहिल्या 'बद'चा उच्चार 'बेद' झाला की तो आपल्या 'भेद'ला जाऊन मिळतो, आणि गावाचे नाव होते 'वेगळ्या डोक्याचा'. म्हणजे नाव आधीचे, डुक्कर नंतरचे. लोक नावाचा अर्थ लावायला बसतात तेव्हा अशा गोष्टी जन्मतात. आणि बालीत डोके हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग, त्यामुळे याहून जिव्हारी लागणारी बदनामी शोधून सापडली नसती. नंतरची राजघराणी आपली वंशावळ मजपहितशी जोडत; जुना राजा जितका ओंगळ, तितकी त्यांची गादी सोज्वळ.

फॉरवर्डमधल्या झऱ्याची गोष्ट याच माळेतली. मयदानव राजाने देवळातली पूजाअर्चा बंद पाडली, इंद्राच्या सैन्याला विषारी पाणी पाजले. इंद्राने जमीन भेदून तीर्थ काढले, ते तीर्थ एम्पुल. मयदानव मेला, धर्म जिंकला, त्याची आठवण म्हणजे गलुंगान सण. कित्येक कथांमध्ये हा मयदानव आणि बेदुलूचा राजा एकच होऊन जातात. कुंडात काळी वाळू उकळल्यासारखी उसळताना दिसते, पण ते ज्वालामुखीच्या खडकातून दाबाने वर येणारे भूजल आहे. इंद्राला त्रास द्यायचे कारण नाही.

मात्र झऱ्याचे पावित्र्य मजपहितहून जुने आहे. जवळच्या मनुकाया गावात एक झिजलेला कोरीव दगड आहे. गावकरी तो दरवर्षी चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला वाजतगाजत झऱ्यावर नेऊन धूत. का, ते कुणाला सांगता येत नसे, अक्षरेही वाचता येत नसत. स्टुटरहाइम या डच अभ्यासकाने ती वाचली. चंद्रभयसिंह वर्मदेव राजाने हे तीर्थ बांधल्याची ती नोंद होती, दहाव्या शतकातली. तिथी: कार्तिक, म्हणजे त्यांचा चौथा महिना. पौर्णिमा.