ओव्हरडाइक, फ्रेडरिक

नेदरलँड्सच्या महिला संघाची मध्यमगती गोलंदाज. २६ ऑगस्ट २०२१ रोजी फ्रान्सविरुद्ध तिने ४ षटकांत अवघ्या ३ धावा देऊन ७ बळी घेतले. आंतरराष्ट्रीय टी-२० सामन्यात सात बळी घेणारी ती जगातली पहिली गोलंदाज. पुरुषांतही तोवर कोणाला हे साधले नव्हते. त्या दिवशी पुरुषांचा विक्रम होता ७ धावांत ६ बळी, आणि तो दीपक चहरने नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर बांगलादेशविरुद्ध केला होता. महिलांत नेपाळच्या अंजली चंदने डिसेंबर २०१९ मध्ये मालदीवविरुद्ध एकही धाव न देता ६ बळी घेतले होते.

सामना टी-२० विश्वचषकाच्या युरोप पात्रता स्पर्धेतला होता. ही स्पर्धा मुळात स्कॉटलंडमध्ये व्हायची होती, पण कोरोनाच्या साथीमुळे ती स्पेनमधल्या कार्ताहेना भागात हलवली गेली. फ्रान्सचा डाव १७.३ षटके चालला, धावा मात्र ३३ झाल्या. नेदरलँड्सने ३.३ षटकांत एका गड्याच्या मोबदल्यात सामना संपवला.

ओव्हरडाइकचे पृथक्करण ४-२-३-७ असे आहे. चार षटके, त्यांतली दोन निर्धाव, तीन धावा, सात बळी. टी-२० मध्ये एका गोलंदाजाला २४ चेंडूच मिळतात. त्या हिशेबाने साधारण दर साडेतीन चेंडूंमागे एक बळी पडला. सातपैकी सहा फलंदाजांचा त्रिफळा उडाला, म्हणजे यष्टिरक्षक किंवा क्षेत्ररक्षकांचा हातभार जवळजवळ लागलाच नाही. प्रतिस्पर्धी संघ दुबळा होता, हे खरे. पण दुबळा संघ कोसळतो तेव्हा बळी बहुधा चार-पाच जणींत वाटले जातात आणि डाव लवकर आटोपला तर गोलंदाजाची चार षटके पुरीही होत नाहीत. एकीलाच सात मिळायचे तर जवळजवळ प्रत्येक षटकात यष्टींवर मारा करावा लागतो.

मध्यमगती गोलंदाजाचे हे जुनेच हत्यार आहे. टप्पा असा की फलंदाजाला ना पुढे जाता येते ना मागे, आणि रेषा मधल्या किंवा उजव्या (ऑफ) यष्टीची. नवख्या फलंदाजाची बॅट आडवी येते, चेंडू चुकतो आणि यष्टी उडते. हाच चेंडू कसलेल्या फलंदाजाला टाकला तर ती मनगट वळवून तो मिडविकेटकडे, म्हणजे लेग बाजूला, काढते. टप्पा थोडा पुढे पडला तर गोलंदाजाच्या डोक्यावरून मारते. म्हणून वरच्या दर्जाच्या संघांविरुद्ध रेषा उजव्या यष्टीच्या किंचित बाहेर नेऊन मिडविकेटचे क्षेत्ररक्षण भक्कम करावे लागते, आणि त्रिफळ्यांची जागा झेल घेतात.

डच खेळाडूला आणखी एक जुळवाजुळव करावी लागते, ती खेळपट्टीची. तिथल्या अनेक क्लबांत गवताची नव्हे, तर काथ्याची किंवा कृत्रिम मॅट अंथरलेली खेळपट्टी असते. तिच्यावर चेंडू उंच आणि बराचसा एकसारखा उसळतो. मॅट ताणून पक्की बसवली नसेल तर मात्र उसळीचा भरवसा राहत नाही. मॅटवर छातीपर्यंत येणारा चेंडू गवतावर गुडघ्याशीच राहू शकतो. त्यामुळे गवतावर उतरलेल्या गोलंदाजाला टप्पा पुढे आणावा लागतो, नाहीतर आखूड चेंडू आयताच कट करायला मिळतो. बूटही बदलावे लागतात. कृत्रिम मॅटवर रबरी तळवे चालतात, गवतावर खिळे नसतील तर चेंडू सोडताना पुढचा पाय घसरतो. ॲम्स्टेलवेन, उट्रेख्त, रॉटरडॅम, व्होरबुर्ग अशा मोजक्याच ठिकाणी गवताच्या खेळपट्ट्या आहेत आणि मोसम वसंत ते सप्टेंबर एवढाच.

डच महिलांच्या कारकिर्दीचे आकडे वाचताना सामन्याचा दर्जा आधी पाहावा. या संघाने १९८४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिला एकदिवसीय सामना खेळला. १९८८, १९९३, १९९७ आणि २००० च्या विश्वचषकांत भाग घेतला. २००७ मध्ये हेल्मिन रॅम्बाल्डोच्या नेतृत्वाखाली रॉटरडॅमला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकमेव कसोटीही खेळली. २०११ च्या ढाक्यातील पात्रता स्पर्धेनंतर संघाचा आंतरराष्ट्रीय दर्जा गेला. पुढची काही वर्षे खेळलेल्यांच्या धावा आणि बळी अधिकृत आंतरराष्ट्रीय नोंदीत सापडत नाहीत. जुलै २०१८ पासून आयसीसीने सर्व सदस्य देशांच्या महिला टी-२० सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिला, म्हणून ओव्हरडाइकचे सात बळी किंवा स्टेरे कॅलिसच्या २०१९ मधील जर्मनीविरुद्धच्या नाबाद १२६ धावा अधिकृत ठरल्या. उलट, नोव्हेंबर २०२१ मध्ये हाच संघ झिम्बाब्वेत विश्वचषक पात्रता स्पर्धा खेळला, पण त्या वेळी एकदिवसीय दर्जा नसल्याने ते सामने एकदिवसीय आंतरराष्ट्रीय म्हणून मोजले गेले नाहीत. एकदिवसीय दर्जा मे २०२२ मध्ये परत मिळाला आणि त्याच ऑगस्टमध्ये ॲम्स्टेलवेनला आयर्लंडविरुद्ध तीन सामने झाले. तिन्ही आयर्लंडने जिंकले.

ओव्हरडाइकच्या आकड्यांशी अर्जेंटिनाच्या ॲलिसन स्टॉक्सने २०२२ मध्ये पेरूविरुद्ध बरोबरी केली. पुरुषांत सात बळींचा मान मलेशियाच्या स्याझरुल इद्रुसला जुलै २०२३ मध्ये मिळाला (चीनविरुद्ध ८ धावांत ७). एप्रिल २०२४ मध्ये इंडोनेशियाच्या रोहमालियाने बालीत मंगोलियाविरुद्ध, पदार्पणातच, एकही धाव न देता ७ बळी घेऊन विक्रम आपल्या नावावर केला.