खानदेशातील चराईचा कस : पार्श्वभूमी

खानदेशात गवताकडे आधी महसूल म्हणून पाहिले गेले आणि आहार म्हणून फार उशिरा. 1878 च्या वन कायद्यानंतर सातपुड्याच्या उतारांवरील राने राखीव होत गेली. याच भागातील रोशा गवताचे तेल गाळून बाहेर जात असे, पण त्या सुवासिक गवताला मेंढी सहसा तोंड लावत नाही. रान गवताने भरले म्हणजे चारा आला असे होत नाही, हे साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलारी-धनगर मेंढपाळांना कोणत्याही तक्त्यावाचून ठाऊक आहे.

पुढे सर्वांत जास्त घोळ ‘कुसळी’ या एका शब्दाने घातला. हलक्या गवताला सरसकट कुसळी म्हणण्याची रीत पडली आहे. वास्तविक पहिल्या पावसानंतरची कुसळी लुसलुशीत असते आणि मेंढ्या ती आवडीने खातात. बी धरल्यावर मात्र तिची पीळदार, टोकदार कुसे लोकरीतून कातडीत शिरतात आणि ओठ-हिरड्यांना जखमा करतात. मारवेल आणि पवन्या ही नावाजलेली गवतेही याला अपवाद नाहीत. फुलोऱ्याआधी त्यांत साधारण 7-8 टक्के प्रथिने असतात, बी झडून काडी पिवळी पडली की ती 3 टक्क्यांच्या आसपास उतरतात. चाऱ्यातील प्रथिने सुमारे 7 टक्क्यांखाली गेली की पोटातील जिवाणूंना नत्र अपुरे पडते, पचन मंदावते आणि जनावर भरल्या रानातही कमी खाते. त्यामुळे कस ठरवताना गवताच्या नावाइतकाच महिनाही पाहावा लागतो.

पाणलोटाच्या कामांबरोबर आलेल्या चराईबंदीचा वाद इथूनच सुरू होतो. बंदीने साक्री तालुक्यातील काही गावांत उघडे डोंगर पुन्हा झाकले गेले, हे मान्यच केले पाहिजे. पण राखलेले गवत बहुधा पिकल्यावर कापून गाई-म्हशींच्या गोठ्यात गेले आणि शेळ्यांना रान बंदच राहिले. शेळीचा उन्हाळा निघतो तो झाडपाल्यावर : अंजनाचा पाला, हिवर-बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला, ज्यात टॅनिन (पचनाला अडथळा करणारा तुरट घटक) असले तरी प्रथिने 12 टक्क्यांच्या घरात असतात. वैशाखात वाळल्या काडीपेक्षा हा पाला कितीतरी सकस असतो, आणि बंदी ठरवताना याचा विचार झाला नाही.

2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला. दरम्यान बांधांवर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) हे झाड लावले गेले. त्यात प्रथिने भरपूर आहेत, पण सवय नसलेली शेळी त्याचा ताजा पाला हुंगते आणि पुढे निघून जाते. तोच पाला सुकवून दिला तर ती हळूहळू खाऊ लागते.