कंपवात, सर्पगंधा आणि खाजकुयली

बाबांना पार्किन्सन्स आहे असं कळल्यापासून भेटायला येणारं कुणी ना कुणी खाजकुयलीच्या पावडरचं नाव काढतंच. सांगणाऱ्याचा जीव तुटतो म्हणूनच तो सांगतो, आणि गंमत म्हणजे ते अगदीच निराधार पण नाहीये, म्हणून यामागचं सगळं नीट वाचून काढलं.

आयुर्वेदात या आजाराचं कंपवात हे नाव जुनंच. आजचं नाव मात्र लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरमुळे, त्याने १८१७ मध्ये फक्त सहा पेशंटवरून एक निबंध लिहिला, त्यातले काही तर त्याने रस्त्यात चालताना पाहिलेले. हात थरथरणं, पुढे वाकून पळल्यासारखी चाल, सगळं त्यात आहे. पुढे पॅरिसच्या शार्कोने या आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं आणि सांगितलं की सगळ्यांचे हात थरथरतातच असं नाही, हालचाल मंदावणं ही वेगळी गोष्ट आहे. हे आजही लोकांना माहीत नसतं! बाबांचा हात थरथरत नव्हता, नुसता शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, म्हणून आम्ही कितीतरी महिने वय झालं म्हणून सोडून दिलं.

मेंदूत नेमकं काय होतं हे कळायला मात्र विसावं शतक उजाडलं, आणि त्यात आपली सर्पगंधा आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्लडप्रेशरवर सर्पगंधेचा उपयोग होतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष या झाडाकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. ते घेणाऱ्या काही पेशंटमध्ये पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसायला लागली, अंग ताठ, हालचाल मंद. मग स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिलं, ससे निपचित पडले, आणि लेव्होडोपा नावाचं द्रव्य टोचल्यावर थोड्याच वेळात परत हालायला लागले. म्हणजे रिसर्पिनने मेंदूतलं डोपामिन, हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन, संपवलं होतं आणि लेव्होडोपाने ते भरून काढलं, कारण त्याचंच पुढे डोपामिन बनतं. या कामासाठी त्यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

१९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकिएविच आणि एरिंगर यांनी वारलेल्या पेशंटचे मेंदू तपासले तर खरंच डोपामिन खूप कमी निघालं. पुढच्याच वर्षी तिथे लेव्होडोपाचं इंजेक्शन दिलं तर अंथरुणातून उठू न शकणारी माणसं उठून चालली, पण परिणाम टिकायचा थोडाच वेळ. तोंडाने गोळी देऊन रोजचं औषध करता येईल हे दाखवलं १९६७ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज कोट्झियस यांनी, डोस हळूहळू वाढवत नेऊन. तरी मळमळ फार व्हायची कारण बरंचसं लेव्होडोपा मेंदूत पोचायच्या आधी शरीरातच डोपामिन बनून जायचं, आणि ते तिथून मेंदूत शिरू शकत नाही. म्हणून सत्तरच्या दशकात सोबत हा बदल मेंदूबाहेर रोखणारं कार्बिडोपा आलं, बाबांच्या गोळीवर ही दोन्ही नावं लिहिलेली आहेत.

आता खाजकुयली. तिच्या बियांत हेच लेव्होडोपा असतं, आणि ते १९३७ मध्येच मद्रासच्या संशोधकांनी त्यातून वेगळं काढलं होतं! म्हणजे कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षं आधी, फक्त ते कशाला लागेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे पावडरने फरक पडतो म्हणणारा खोटं बोलत नाही. पण बीमध्ये लेव्होडोपा किती हे दर वेळी सारखं नसतं, सोबत कार्बिडोपा नसतं, आणि गोळी चालू असताना वरून पावडर घेतली तर डोस वाढून अंगाच्या आपोआप, नको तेवढ्या हालचाली, भास असं काहीही होऊ शकतं. गोळी अचानक बंद करणं तर त्याहून धोक्याचं. आम्ही न्यूरॉलॉजिस्टना सरळ विचारलं, त्यांनी चिडचिड न करता सगळं समजावलं आणि सध्या गोळीच ठेवली, जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण डाळ-पनीरसारख्या प्रथिनांच्या जेवणासोबत घेतली तर नीट शोषली जात नाही.