भाराक्रांतांची प्रार्थना: मराठी ख्रिस्ती परंपरेतले बळ कुठून आले

घरात लांबलेले आजारपण असो, नोकरी गेलेली असो की एखाद्याच्या जाण्याने घर सुन्न झालेले असो, मराठी ख्रिस्ती कुटुंबात अशा वेळी एक वचन हमखास कानावर पडते. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायातले हे शब्द. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भेटीला आले की हेच वाचतात, आणि कित्येक घरांत ते चौकटीत बसवून भिंतीवर लावलेले असतात. पण त्याच भेटीत कुणीतरी सहज म्हणून जाते, ‘विश्वास वाढवा, प्रार्थनेत कमी पडताय.’ आधीच खचलेल्या माणसावर हा आणखी एक बोजा. मला हे बोलणे फार खटकते, कारण ज्या परंपरेच्या नावाने ते बोलले जाते तिचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. ही परंपरा दुष्काळात, प्लेगात आणि आप्तांनी दारे लावून घेतल्यावर घडली. तिच्यातली माणसे देवापुढे रडली, त्याच्याशी भांडली, आणि डोळे पुसून कामाला लागली.

मूळ अर्थात पवित्र शास्त्रात आहे. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची, गाऱ्हाण्याची आहेत. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिलेच वाक्य, आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी तेच आले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. त्यात दिलासा नाही, तरीही ते प्रार्थना म्हणून जपले गेले. एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला यात सर्वांत जवळची वाटते. जिवाच्या भीतीने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिले, मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू पुढे ठेवला. तो खाऊन पुन्हा झोपला, पुन्हा खाल्ले, आणि मग कुठे चालू लागला. पौलाने शरीरातला ‘काटा’ काढावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. उत्तर आले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच शक्ती पूर्णतेस येते.’ थकलेल्या माणसाने डॉक्टरकडे जाणे, औषध घेणे, झोप पूर्ण करणे हे अविश्वासाचे लक्षण मानणाऱ्यांनी एलीयाचा तो अध्याय पुन्हा वाचावा.

मराठीत हा सूर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उमटला तो गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली राशोल येथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. जवळजवळ अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, छपाई मात्र रोमन लिपीत. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला, तरी ओव्या लोकांच्या तोंडी राहिल्या. त्या दक्षिणेकडे कानडा मुलुखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबरही गेल्या. टिपू सुलतानाने १७८४ साली मंगळूर भागातल्या हजारो ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले. १७९९ साली टिपू पडेपर्यंत बहुतेकांची सुटका झाली नाही. ना धर्मगुरू, ना देऊळ. त्या पंधरा वर्षांत ख्रिस्तपुराणाच्या ओव्यांनी श्रद्धा तगवली, असे त्या समाजात पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. कैदेतल्या माणसाला पाठ असलेले शब्दच उपयोगी पडतात.

पण या सगळ्या इतिहासात ज्या बाईपाशी थांबावे लागते ती म्हणजे पंडिता रमाबाई.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे. तीर्थयात्रा करत, पुराण सांगत हे कुटुंब दक्षिणेत फिरत असताना दुष्काळ पडला. होते नव्हते ते विकून झाले. पुढे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे की अकरा दिवस आणि अकरा रात्री ते पाणी, झाडपाला आणि रानातल्या थोड्या खजुरांवर राहिले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. रायचूरला आई वारली तेव्हा खांदेकरी मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमाबाई. स्मशान तीन मैलांवर. उंची कमी असल्यामुळे तिरडीची आपली बाजू त्यांना खांद्यावर पेलता येईना, म्हणून ती डोक्यावर घेऊन त्या चालल्या. तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती.

पुढचा काळही सरळ गेला नाही. १८७८ साली भाऊ श्रीनिवासबरोबर त्या कलकत्त्याला पोहोचल्या. तिथे विद्वत्तेमुळे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह झाला, १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ साली पटकीने पती गेले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, मग इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात त्यावर काहूर उठले. १८८९ साली मुंबईत सुरू करून पुढे पुण्यात हलवलेल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेतून १८९३च्या धर्मांतराच्या आरोपावरून झालेल्या वादानंतर पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाई स्वतः सांगतात की बाप्तिस्मा घेऊनही बरीच वर्षे त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. धर्म मिळाला होता, ज्याच्यावर भार टाकून मोकळे व्हावे असा ख्रिस्त नंतर उमगला. ‘एकदा विश्वास ठेवला की मन शांत’ अशी सोपी कथा त्यांनी कधी सांगितली नाही, आणि म्हणून त्यांची साक्ष मला खरी वाटते.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे निघाल्या. उपासमार म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. आपले जुने दिवस आठवून जिवाचे पाणी झाल्याचेही त्यांनी लिहिले आहे. पैसा हाताशी नव्हता, इतक्यांना ठेवायला घरही नव्हते. तिथून सुमारे तीनशे मुली व बायका त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, नवी माणसे आणायची सोय नाही, म्हणून दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला आधी घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे मुक्ती सदन झाले. प्लेगच्या काळात सरकारी व्यवस्थेत बायकांचे होणारे हाल पाहून त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिले, आणि त्याचे पडसाद विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत उमटले. देवापुढे गुडघे टेकणारी बाई सरकारपुढे मान तुकवत नव्हती.

प्लेगचा विषय निघालाच आहे तर मुंबईकडे वळतो. १८९६च्या पावसाळ्यानंतर मांडवीत प्लेग फुटला आणि शहर रिकामे होऊ लागले. वांद्रे, गिरगाव, माझगाव भागांतल्या ख्रिस्ती वाड्यांनी त्या वर्षांत चौकाचौकांत, विहिरीजवळ, वाडीच्या तोंडाशी क्रूस उभारले. त्यातले कित्येक आजही वाहतुकीच्या गर्दीत उभे आहेत, काहींच्या चौथऱ्यावर साल कोरलेले आहे. रोगाच्या भीतीने चर्चपर्यंत जाणे अवघड, म्हणून शेजारी क्रूसाभोवती जमून रोझरी म्हणत. मे महिन्यात अनेक ठिकाणी अजून तशी प्रार्थना होते, नंतर चणे वाटतात. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकत घेऊन वाहणारी माणसे हीच भाषा बोलतात. ज्याचे जे दुखते ते घेऊन तो डोंगर चढतो. तिथे फक्त ख्रिस्तीच नव्हे, सगळ्या धर्मांची रांग असते.

केडगावचा पसारा १९००च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर आणखी वाढला आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना दोन वेळचे जेवण, विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, शाळा. अंध बायकांसाठी वेगळी सोय, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने आणि मग पिठाची गिरणी, माग, रोपे. जानेवारी १९०५मध्ये रमाबाईंनी खास प्रार्थनेसाठी स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांना बोलावले. सुरुवातीला सत्तर आल्या, काही महिन्यांत साडेपाचशे झाल्या. रोज दोनदा जमायच्या. जूनच्या अखेरीस एका रात्री जे घडले ते मिनी अब्राम्स या अमेरिकी सहकारी बाईंनी लिहून ठेवले आहे. एका मुलीच्या अंगावर आग उतरलेली पाहून दुसरी घाबरली आणि पाण्याची बादली आणायला धावली. ती ओतणार एवढ्यात तिला कळले की ही जाळणारी आग नव्हे.

त्यानंतर शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत, आपली पापे आणि दुःखे बोलून दाखवत. पाहायला आलेल्या काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मुलींना गप्प केले नाही. भारतीय बायकांनी आपल्या पद्धतीने देवाला हाक मारावी, इंग्रजी चर्चची शिस्त त्यांच्यावर लादू नये, ही त्यांची भूमिका. मला यात फार मोठे शहाणपण दिसते. या मुलींपैकी कितीकींनी आईबाप डोळ्यांसमोर मरताना पाहिले होते, काहींना तर विकले गेले होते. आक्रोश करायला त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सुरक्षित जागा मिळाली होती, आणि शेजारी रडणारी दुसरी होती. अब्राम्स यांची पुस्तिका पुढे चिलीत व्हालपाराइसो येथे राहणाऱ्या त्यांच्या मैत्रिणीकडे, मे हूव्हर यांच्याकडे पोहोचली आणि १९०९ साली तिथे झालेल्या मोठ्या संजीवनामागे, म्हणजे धार्मिक जागृतीमागे, तिचा हात होता. चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांच्या इतिहासात त्यामुळे पुणे जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव येते.

त्याच सुमारास अहमदनगरकडे दुसरा एक झरा वाहत होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत असून संसार मोडल्यासारखा. ताटातूट जवळपास पाच वर्षे चालली. त्या काळातली त्यांची तगमग ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या धाकाने नव्हे, स्वतः विचार करून, जातिभेद आधी मनातून पुसून. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आल्याचे सांगत. अभंग आणि कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. त्यामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला आपले दुःख परक्या चालीत नव्हे, घरच्या सुरात गाता आले. आजही अंत्यविधीला आणि घरगुती प्रार्थनासभेत टिळकांचीच पदे जास्त म्हटली जातात. इंग्रजी गायनांची भाषांतरे तितकी पोटात शिरत नाहीत, असे मी अनेक मंडळ्यांत पाहिले आहे.

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले आणि ख्रिस्ताच्या चरित्रावरचे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अर्धवट राहिले. ज्यांचे शिक्षण जेमतेम अक्षरओळखीपासून सुरू झाले त्या लक्ष्मीबाईंनी उरलेले साठाहून अधिक अध्याय रचले. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली, छापून निघाले.

केडगावला रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे एकाच कामाला दिली. मराठी बायबल होते, पण त्याची भाषा खेड्यातल्या, नुकतेच वाचायला शिकलेल्या बाईला जड जाई. म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खे शास्त्र साध्या मराठीत आणायला घेतले. काम संपत आले असताना २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. तिच्याच हाती मुक्ती सोपवायची असे ठरले होते. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कान जवळपास गेलेले, प्रकृती ढासळलेली. त्यांनी मुद्रिते तपासणे थांबवले नाही. काम पुरे होण्यापुरते आयुष्य त्यांनी देवाकडे मागून घेतले, असे मुक्तीत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून बाहेर आले. टाइप जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे मुक्तीच्या छापखान्यातल्या बायकांनी केली होती.