मॅनहॅटा (लघुपट)

न्यूयॉर्कवरचा साधारण 10-11 मिनिटांचा मूकपट, फोटोग्राफर पॉल स्ट्रँड आणि चित्रकार चार्ल्स शीलर (तेही फोटोग्राफर) या दोघांनी मिळून केलेला. गोष्ट नाही, पात्रं नाहीत. माणसांनी खच्चून भरलेली स्टेटन आयलंडची फेरी धक्क्याला लागते तिथून सुरू होतो, हडसन नदीवरच्या मावळतीला संपतो आणि मधेमधे अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमनच्या कवितांमधल्या ओळींच्या पाट्या येतात.

नाव व्हिटमनच्या 'मॅनाहाटा' कवितेशी जोडलेलं आहे, फक्त स्पेलिंग जरा आखडलंय. मुळात हा शब्द तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांचा, युरोपियन कागदपत्रांत तो दर्यावर्दी हेन्री हडसनच्या 1609 च्या सफरीच्या रोजनिशीत सापडतो. अर्थावरून मात्र वाद आहे. 'टेकड्यांचं बेट' हा अर्थ सगळीकडे छापलेला दिसतो, पण भाषाशास्त्राच्या बाजूने बघितलं तर धनुष्यासाठी लाकूड मिळायची जागा हा अर्थ जास्त पटतो, कारण त्याला शब्दाच्या घडणीचा आधार मिळतो.

साल कुठे 1920 दिसतं, कुठे 1921. दोन्ही आकड्यांना कारण आहे. शीलरचं 'चर्च स्ट्रीट एल' हे 1920 चं तेलचित्र, उंचावरून खाली पाहिलेली रेल्वे आणि रस्ता, ते याच फिल्ममधल्या एका फ्रेमवरून काढलंय असं मानतात, म्हणजे शूटिंग तेव्हा चालू असणारच. पहिला शो जुलै 1921 मध्ये रियाल्टो थिएटरात झाला, तोही 'न्यूयॉर्क द मॅग्निफिसंट' या नावाने. त्यामुळे प्रदर्शनाचं साल म्हणून 1921 धरणंच बरं.

'पहिली सिटी सिम्फनी' (सिटी सिम्फनी म्हणजे गोष्टीऐवजी शहराचं जगणं आणि लय दाखवणारी फिल्म) हे बिरुद जपून वापरावं. शहराची नुसती दृश्यं त्याआधीही पुष्कळ टिपली गेली होती आणि सिम्फनी हा शब्द रूढ झाला तो 1927 च्या बर्लिनवरच्या फिल्मनंतर. इथे नवीन आहे ती नजर. कॅमेरा जवळपास हलतच नाही, जे काही हलतं ते फ्रेमच्या आत, धूर, वाफ, बोटी, माणसं. वॉल स्ट्रीटचा शॉट बघा, बँकेच्या भिंतीतले ते काळेकभिन्न चौकोन आणि त्यांच्या पायथ्याशी लांब सावल्या ओढत चाललेली मुंगीएवढी माणसं. स्ट्रँडने 1915 मध्ये हाच फोटो काढला होता, इथे तो चालायला लागतो. कुठला शॉट कोणाचा यावर बरंच लिहिलं गेलंय, पण नुसत्या शैलीवरून वाटणी करणं अवघडच.

1923 मध्ये पॅरिसला 'दादा' या बंडखोर कलाचळवळीतल्या मंडळींच्या कार्यक्रमात ही फिल्म दाखवली गेली. 1995 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, आली. टिकलेल्या प्रतीत ओरखडे आणि थरथर भरपूर होती, आणि जी फिल्म कॅमेरा स्थिर ठेवण्यावरच उभी आहे तिचं थरथरीने फारच नुकसान होतं. 2008 च्या सुमारास डिजिटल रिस्टोरेशनमध्ये एकेक फ्रेम साफ करून जागेवर बसवली, तेव्हा कुठे इमारती परत उभ्या राहिल्या.