सीड परीक्षेतून आयआयटी मुंबईच्या अ‍ॅनिमेशन एम.डेस.कडे: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

बीएफए (ललित कलेची पदवी) किंवा जी.डी. आर्ट (कलेची पदविका) झाल्यावर संगणकीय अ‍ॅनिमेशनकडे वळायचे असेल, तर पवईच्या आयडीसीमधला दोन वर्षांचा पदव्युत्तर डिझाइन अभ्यासक्रम एम.डेस. (अ‍ॅनिमेशन) हा फी भरून थेट प्रवेश मिळणाऱ्या खासगी कोर्सपेक्षा अवघड, पण भक्कम रस्ता आहे. आयडीसी हा आयआयटी मुंबईचा डिझाइन विभाग, १९६९ पासून चालू असलेला. इथे दोन अर्ज करावे लागतात: आधी सीड या डिझाइनच्या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेचा आणि गुण हातात आल्यावर संस्थेच्या प्रवेशाचा. दोन्हींची पात्रता एकसारखी नाही, आणि नेमके इथेच अनेकांचे वर्ष वाया जाते.

सीडला कोण बसू शकतो

बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी, पदविका किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रम पूर्ण असावा, किंवा परीक्षेच्या वर्षी जुलैपर्यंत पूर्ण होणार असावा. शाखेची अट नाही, वयाची नाही, प्रयत्नांची मर्यादाही नाही. दुसरी वाट महाराष्ट्रातल्या मुलांच्या खास उपयोगाची: दहावीनंतरची पाच वर्षांची जी.डी. आर्ट पदविका, अधिक किमान एक वर्षाचा व्यावसायिक अनुभव. अनुभवाचे पत्र लेटरहेडवर घ्या. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि कामाचे स्वरूप असू द्या. ‘आमच्याकडे काम केले आहे, मुलगा होतकरू आहे’ एवढ्यावर वर्ष सिद्ध होत नाही. फ्रीलान्स काम केले असेल तर बिले आणि बँकेतल्या जमा रकमा तारखांसह जपून ठेवा.

आता दुसरा अर्ज. सीड उत्तीर्ण झालात म्हणजे आयडीसीत अर्ज करता येतोच असे नाही. तिथे प्रत्येक विषयासाठी चालणाऱ्या पदव्यांची वेगळी यादी असते आणि त्यात पदवीचे नाव व कालावधी दोन्ही पाहिले जातात. चार वर्षांच्या बीएफएवाल्यांना अ‍ॅनिमेशनसाठी सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. (अ‍ॅनिमेशन) किंवा तत्सम पदवी असणाऱ्यांनी मात्र सीडचे शुल्क भरण्याआधी आयडीसीची प्रवेश पुस्तिका उघडून आपली पदवी त्या यादीत शोधावी.

सीडचा अर्ज

नोंदणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑनलाइन होते, परीक्षा जानेवारीत आणि निकाल मार्चच्या सुमारास. २०२५ च्या परीक्षेसाठी महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना २,००० रुपये आणि इतरांना ४,००० रुपये शुल्क होते. ते परत मिळत नाही. केंद्रासाठी शहरांचे पसंतीक्रम द्यावे लागतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर ही केंद्रे असतात.

हाताशी ठेवायचे: फोटो, सही, पदवी किंवा पदविका प्रमाणपत्र, प्रवर्ग किंवा दिव्यांगत्वाचा दाखला आणि परीक्षेच्या दिवशी दाखवायचे मूळ ओळखपत्र. शेवटच्या वर्षात असाल तर पदवीऐवजी ठरावीक नमुन्यातले पत्र लागते, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का हवा. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद असते आणि नोंदणीची खिडकी त्याच सुमारास उघडी असते, म्हणून हे पत्र सुट्टीआधी काढा.

नावाचा घोळ नेहमीचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचे नाव गळालेले. अर्जात एकच रूप ठरवा आणि ते ओळखपत्राशी जुळू द्या. लग्नानंतर नाव बदलले असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडण्याची तयारी ठेवा.

दाखले: केंद्राचा नमुना

महाराष्ट्रातले अनेक अर्ज इथे अडखळतात. आयआयटी केंद्राची संस्था असल्याने ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) हे दाखले केंद्र सरकारच्या नमुन्यातच लागतात. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेले नॉन-क्रीमीलेअर चालत नाही, आणि जात पडताळणी प्रमाणपत्र ही त्याची जागा घेत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे वर्ग आहेत. त्यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यामुळे आपली नोंद तिथे पाहून ‘ओबीसी’ म्हणून अर्ज करावा. एसईबीसी (राज्याचा सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) हाही केंद्रात प्रवर्ग नाही. केंद्राच्या यादीत जात नसेल आणि निकषांत बसत असाल, तर ईडब्ल्यूएसचा विचार करा. त्यात आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेसोबत पाच एकर शेतजमीन, हजार चौरस फुटांचे घर अशा मालमत्तेच्या अटीही आहेत.

सेतू केंद्रात अर्ज देताना ‘केंद्राचा नमुना’ असे स्पष्ट सांगा, नाहीतर सवयीने राज्याचाच दाखला निघतो. दाखला कोणत्या तारखेनंतरचा हवा तेही पुस्तिकेत छापलेले असते. जुना दाखला अपलोड केला की लॉगिनमध्ये त्रुटी दिसते, म्हणून अर्ज भरल्यावरही अधूनमधून लॉगिन करून पाहत राहा.

दिव्यांग उमेदवारांना जादा वेळ मिळतो, पण मागणी नोंदणीच्या वेळीच करावी लागते.

परीक्षा

भाग अ एक तासाचा, संगणकावर, १५० गुणांचा. संख्येत उत्तर द्यायच्या प्रश्नांना नकारात्मक गुण नाहीत, पर्यायांच्या प्रश्नांना आहेत. चाळणी याच भागावर होते: खुल्या गटासाठी सर्व परीक्षार्थींच्या गुणांची सरासरी अधिक अर्धे प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरले आहेत त्याचे माप), ओबीसी व ईडब्ल्यूएससाठी त्याच्या ०.९ पट, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांसाठी ०.५ पट. ही रेषा ओलांडली नाही तर भाग ब तपासलाच जात नाही. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी तर्क आणि अवकाशाकृतींचा (आकृती मनात फिरवून पाहण्याचा) सराव टाळू नये तो यासाठी.

भाग ब दोन तासांचा, पाच प्रश्न, १०० गुण. अंतिम गुणांत त्याचा वाटा ७५ टक्के, भाग अचा २५. एका प्रश्नाला सरासरी २४ मिनिटे येतात. कला महाविद्यालयातली सावकाश छायाभेद भरण्याची सवय इथे महागात पडते, कारण अर्धा वेळ एका वस्तूच्या छटेत जातो आणि कल्पना मांडायची राहते. रेषेत विचार मांडा, रंग गरजेपुरता. पेन्सिली, रंग स्वतःचे न्यायचे. गुण निकालापासून एक वर्ष वैध असतात.

पोर्टफोलिओ आणि मुलाखत

आयडीसीचा अर्ज निकालानंतर. निवडक उमेदवारांना पोर्टफोलिओ (स्वतःच्या कामाचा निवडक संग्रह) घेऊन डिझाइन अभियोग्यता चाचणी आणि मुलाखतीला बोलावतात. उपयोजित कलेचे विद्यार्थी जाहिरातीची पोस्टर्स आणि लोगो घेऊन येतात. काम चांगले असते, पण अ‍ॅनिमेशनसाठी हवा असतो काळ: माणूस वाकतो कसा, वजन कोणत्या पायावर जाते, एका चित्रातून पुढचे कसे निघते. एसटी स्टँडवर अर्ध्या-अर्ध्या मिनिटात काढलेली पाचपन्नास रेखाटने एका गुळगुळीत डिजिटल पोर्ट्रेटपेक्षा जास्त सांगतात. सोबत एखादा स्टोरीबोर्ड (गोष्ट चौकटीचौकटीत मांडलेली चित्रे) आणि स्वतः केलेली छोटी हालचाल ठेवा. २४ फ्रेमच्या (चित्रचौकटींच्या) सेकंदात प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरले तर दहा सेकंदांना १२० चित्रे लागतात, म्हणजे घरबसल्या जमण्याजोगे काम. प्रसिद्ध पात्रांच्या नकला काढून टाका. गटात केलेल्या फिल्मखाली आपला वाटा नेमका लिहा, कारण मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात.

निकाल बाकी असताना मिळालेला प्रवेश तात्पुरता असतो. विद्यापीठाचा निकाल लांबला तर प्राचार्यांचे पत्र मागून ठेवा आणि प्रवेश दिल्याच्या पत्रातल्या मुदतीआधी तात्पुरते पदवी प्रमाणपत्र व सर्व वर्षांच्या गुणपत्रिका जमा करा.