मल्लखांब : विद्यार्थ्यांचा व्यायाम

पुरलेल्या लाकडी खांबावर किंवा टांगलेल्या दोरावर पकडी, उड्या व आसने करण्याचा महाराष्ट्रातील व्यायामप्रकार.

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ (१२ वे शतक) या ग्रंथात मल्लांच्या सरावात ‘स्तंभश्रम’ (खांबावरचा व्यायाम) येतो. काही लेखक त्यालाच मल्लखांबाचे मूळ मानतात. परंतु केवळ नामसाम्यावरून आजच्या पकडी तेव्हाही होत्या असे धरणे धाडसाचे ठरते. सध्याच्या पद्धतीचे श्रेय परंपरा दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर यांना देते. त्यांना ही विद्या माकडाच्या हालचालींवरून सुचली, ही आख्यायिका होय. जुन्या मल्लविद्येला पेशवाईच्या अखेरीस शिस्त लागली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

खांब सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीवर सुमारे अडीच मीटर व वर निमुळता होत जाणारा असतो. अंग, मान आणि बोंड हे त्याचे भाग. कातडी सोलवटू नये म्हणून खांबाला एरंडेल चोळतात. ते जास्त झाले की पकड सुटते. मग खांब पुसून राळ लावावी लागते.

नवशिक्याला प्रथम अढी शिकवतात. खांब बगलेत घट्ट धरून पाय वर फेकायचे, मांड्यांनी खांब आवळायचा आणि त्यानंतरच हात सोडायचे. मुले नेमकी घाई करतात ती इथेच : मांड्या आवळण्याआधी हात सुटला की शरीर डोक्याकडून घसरते. म्हणून खाली गादी आणि कमरेला शिक्षकाचा हात हवाच.

आत्मविश्वासाशी या व्यायामाचा संबंध या टप्प्यांतच आहे. उलटे होण्याची भीती एकदम जात नाही. आधाराचा हात हळूहळू सैल होतो आणि अढी जमली की नाही हे मुलाला स्वतःलाच कळते. अर्थात, न जमलेल्याला सर्वांदेखत हसले तर परिणाम उलटा होतो.

अभ्यासावरील परिणामाबाबत जपून बोलावे. अमेरिकेतील इलिनॉय येथे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, सुमारे साडेनऊ वर्षांच्या २० मुलांची एकाग्रता व वाचनाचे आकलन २० मिनिटे ट्रेडमिलवर चालल्यानंतर वाढलेले दिसले. तो परिणाम चालण्याचा आणि लगेचचा आहे. तो जसाच्या तसा मल्लखांबाला लावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षे वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस, मुख्यतः दमसासाची हालचाल सुचवते. आखाड्यात मुलांचा बराच वेळ पाळी येण्याची वाट पाहण्यात जात असल्याने धावणे व सूर्यनमस्कार यांची जोड द्यावी लागते.